पोटगीचा आकडा कसा ठरला : एका घटस्फोटाचा प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या कौटुंबिक न्यायालयात हे प्रकरण चाललं. पहिल्या समन्सपासून शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत साडेतीन वर्षं गेली. मी पत्नीच्या बाजूने वकील होते. त्यांना इथे ‘ताई’ म्हणते, कारण पहिल्या भेटीपासून मी त्यांना तेच म्हणत आले. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण घटनांचा क्रम आणि रकमांचं एकमेकींशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

ताईंचं लग्न डिसेंबर २००८ मधलं. त्या एम.कॉम. झालेल्या आणि एका पतसंस्थेत लिपिक होत्या. २०११ मध्ये मुलगी झाली आणि पुढच्या वर्षी नोकरी सुटली. कुणी दटावून राजीनामा लिहून घेतला नव्हता. नवऱ्याची पाळी फिरती होती आणि बाळाला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं, एवढंच. पुढे नोकरीचा विचार पुन्हा सुरू झाला, तोच २०१५ मध्ये सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या जाईपर्यंतची तीन वर्षं कूस बदलण्यापासून नळीने भरवण्यापर्यंत सगळं ताईंनी केलं.

नवरा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता होता, नंतर व्यवस्थापक झाला. २०१३ मध्ये फ्लॅट घेतला तो त्याच्या एकट्याच्या नावावर. बुकिंगची रक्कम भरताना पैसे कमी पडले, तेव्हा ताईंचं साडेसात तोळे सोनं मोडलं. ही गोष्ट पुढे कामाला येणार होती, कारण सराफाची पावती ताईंनी लोखंडी पेटीत जपून ठेवली होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ताई मुलीला घेऊन भावाकडे आल्या. भांडणाची कारणं इथे उगाळत नाही. पोटगीच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की नवऱ्याने दोनदा पाच-पाच हजार पाठवले आणि मग काहीच नाही. जुलैत ताईंनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. नोव्हेंबरात नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज दाखल केला.

समोर आलेला प्रश्न

समन्स घेऊन ताई आल्या तेव्हा त्यांचे मोठे भाऊ सोबत होते. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मॅडम, अर्धा पगार आणि अर्धा फ्लॅट मिळतो ना?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो आणि दर वेळी उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो. हिंदू विवाह कायद्यात नवरा-बायकोच्या मालमत्तेची घटस्फोटाच्या वेळी आपोआप निम्मी वाटणी होत नाही. ज्याच्या नावावर घर, त्याचं ते घर. शेजारच्या गोव्यात तसं नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यात, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि फारकतीत तिचे दोन भाग होतात. ताईंचं लग्न सातारा-सांगलीऐवजी मडगावात नोंदलेलं असतं तर हे प्रकरण वेगळ्याच वाटेने गेलं असतं.

पगाराच्या हिश्श्याचंही ठरलेलं कोष्टक नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम २४ दावा चालू असतानाच्या पोटगीसाठी आणि दाव्याच्या खर्चासाठी आहे, कलम २५ कायमस्वरूपी पोटगीसाठी आणि कलम २६ मुलांसाठी. ही मागणी पत्नीप्रमाणे पतीलाही करता येते. न्यायालय दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, गरजा, लग्नाचा काळ, राहणीमान आणि, कायमस्वरूपी पोटगीच्या वेळी, दोघांचं वर्तनही पाहतं.

बाजारात ‘२५ टक्के’ हा आकडा मात्र फिरत असतो. तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या कल्याण डे चौधरी प्रकरणातून आला. नवऱ्याच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम वाजवी ठरेल, असं तिथे म्हटलं आहे खरं. पण त्या नवऱ्याचा निव्वळ पगार ९५,५२७ रुपये होता आणि त्याच्यावर दुसऱ्या संसाराची जबाबदारी आली होती, म्हणून उच्च न्यायालयाने ठरवलेले २३ हजार कमी करून सर्वोच्च न्यायालयाने २० हजार केले. ज्या निकालातून २५ टक्क्यांचा नियम काढला जातो, त्या निकालातही पुरते २५ टक्के मिळाले नव्हते. ताईंच्या भावांना मी हे दोनदा समजावून सांगितलं, कारण मनात टक्केवारी धरून बसलेलं कुटुंब नंतर चांगली तडजोडही हातची घालवतं.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा. (१ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे.) थकबाकीसाठी कैदेची तरतूद असल्याने त्याचा धाक मोठा असतो. दुसरा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. त्यात पैशांबरोबर राहत्या घराचा हक्कही मागता येतो आणि घरखर्च अडवणं ही आर्थिक छळाची बाब तिथे स्पष्ट लिहिली आहे. तिसरा मार्ग म्हणजे नवऱ्याने केलेल्या दाव्यातच कलम २४ आणि २६ खाली अर्ज देणं.

तिन्ही अर्ज एकदम टाकायचा सल्ला ताईंना एका परिचितांनी दिला होता. तसं करता येतं, कायदा अडवत नाही. पण २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी सांगावी लागते आणि ती वळती होते. म्हणजे तीन अर्जांची पोटगी तिप्पट होत नाही, तारखा तेवढ्या तिप्पट होतात. प्रत्येक तारखेला ताईंचे शिकवणीचे पैसे बुडत होते आणि पोलीस, फौजदारी हे शब्दही त्यांना नको होते. आम्ही तिसरा मार्ग धरला आणि १४ मार्च २०२२ रोजी अर्ज दिला. पत्नीसाठी ३० हजार, मुलीसाठी १५ हजार आणि दाव्याचा खर्च, अशी मागणी होती.

शपथपत्र : निर्णयाचा पहिला क्षण

रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणातला आहे. या निकालामुळे दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. उत्पन्न, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, कर्जं, दागिने, महिन्याचा खर्च, सगळं त्यात येतं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. माझ्या अनुभवात पोटगीचा निम्म्याहून जास्त निकाल या कागदावर लागतो आणि हाच कागद सर्वांत घाईने भरला जातो.

उत्पन्नाच्या रकान्यापाशी ताई अडखळल्या. शिकवण्यांचे महिन्याला आठ-नऊ हजार येत होते, काही रोख, काही फोनवरून. “मॅडम, हे लिहायचं का? लिहिलं तर म्हणतील, ही कमावते, हिला कशाला पोटगी?” भाऊ म्हणाले, रोखीचं कुणाला कळतंय.

मी लिहायलाच लावलं. खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, हे पहिलं कारण. आणि ज्या बाईच्या बाजूला दुसरं काही नसतं तिचा खरेपणा हीच तिची मोठी जमा असते. तो एका रकान्यात गेला की बाकीची वीस पानंही गेली. शिवाय कलम २४ ला शून्य उत्पन्न लागत नाही, गरजेपुरतं स्वतंत्र उत्पन्न नसलं की पुरतं. ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’ म्हणजे रस्त्यावर आलेली नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या चतुर्भुज विरुद्ध सीताबाई प्रकरणात सांगितलं आहे. आम्ही ‘सरासरी ९,००० रुपये’ असं लिहिलं. पुढे समोरच्या वकिलांनी उलटतपासाच्या आवेशात शिकवणीच्या पाटीचा फोटो काढून दाखवला, तेव्हा न्यायाधीशांनी शांतपणे आमच्या शपथपत्राचं पान उलटून दाखवलं. तो फोटो तिथेच संपला.

खर्चाच्या रकान्याला वेगळीच मदत झाली. ताईंनी दुसऱ्या भेटीत दोनशे पानी वही आणली. जुलै २०२१ पासून रोजचा हिशेब. दूध अर्धा लिटर, गॅस सिलिंडर, मुलीच्या बुटांची जोडी, रिक्षावाल्या काकांचे उरलेले दोनशे, स्वतःची थायरॉइडची गोळी. पतसंस्थेतल्या सवयीने दर महिन्याखाली लाल रेघ आणि बेरीज. त्यावरून काढलेला महिना असा होता : भाडं ९,५००, किराणा-दूध-भाजी ११,०००, गॅस-वीज-फोन २,८००, शाळेची फी ५,५००, शाळेची रिक्षा १,५००, औषधं ९००, कपडेलत्ते, सणवार, येणंजाणं ३,८००. एकूण ३५,०००. आधी तोंडी त्या ‘साठेक हजार लागतात’ म्हणत होत्या. वहीने आम्हाला त्या आकड्यापासून वाचवलं.

नवऱ्याची पगारपत्रिका

नवऱ्याच्या शपथपत्राला जून उजाडला. त्यात ‘हातात उरणारी रक्कम सुमारे ५५ हजार’ असं होतं. सोबतच्या पगारपत्रिकेत ढोबळ पगार १,४२,००० होता. मग बाकीचे गेले कुठे?

आयकर १७,५००. सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी ६,८४०. व्यवसायकर २००. इथवर ठीक. पुढे ऐच्छिक भविष्यनिर्वाह निधी १५,०००, कामगार पतपेढीच्या कर्जाचा हप्ता १६,५००, आणि बँकेतून जाणारा घरकर्जाचा हप्ता ३१,०००. सगळं वजा केलं की ५४,९६० उरतात. कागद खोटा नव्हता, वजाबाकीही चुकली नव्हती.

आम्ही आधीच्या तीन वर्षांच्या पगारपत्रिका मागवायचा अर्ज दिला. त्या आल्या तेव्हा दिसलं, की ऐच्छिक निधीची कपात एप्रिल २०२१ पासून सुरू झाली होती आणि पतपेढीचं कर्ज मे २०२१ मधलं होतं. ताई घराबाहेर पडल्या फेब्रुवारीत. हेतू काय होता हे मी सांगू शकत नाही, आणि युक्तिवादातही मी हेतूबद्दल बोलले नाही. फक्त तारखा एकाखाली एक मांडल्या. ऐच्छिक निधी ही त्याचीच बचत आहे आणि घरकर्जाच्या हप्त्यातून त्याचीच मालमत्ता वाढते. पोटगीसाठी उत्पन्न धरताना कर आणि सक्तीची कपात वजा होते, माणसाने स्वतःहून लावून घेतलेले हप्ते साधारणपणे होत नाहीत. त्या हिशेबाने उत्पन्न १,१७,४६० येत होतं.

दरम्यान आमच्याकडून दोन तारखा वाया गेल्या, तेही नोंदवते. भावांचा आग्रह होता, की गावी बागायती ऊस आहे, तो धराच. सातबारा काढला तर तो सासऱ्यांच्या नावावर निघाला, आणि सासरे हयात. वडिलांच्या नावावरच्या जमिनीचं उत्पन्न नवऱ्याचं म्हणून दाखवायला आमच्याकडे एकही पट्टी नव्हती. तो मुद्दा आम्ही सोडला. ऑनलाइन सातबारा पाहायला दहा मिनिटं लागतात. ते आधी करायला हवं होतं.

अंतरिम हुकूम

नवऱ्याच्या बाजूचे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते. पत्नी एम.कॉम. आहे, कमावू शकते. ती स्वतःहून घर सोडून गेली. घराचे हप्ते थकले तर घरच जाईल. यातला पहिला मुद्दा मला सर्वांत अवघड वाटत होता, कारण २०१२ नंतरची दहा वर्षं कागदावर रिकामी दिसतात. त्या दहा वर्षांत बाईने काय केलं याची पगारपत्रिका कुणी देत नाही. शेवटी सासूबाईंच्या इस्पितळाच्या कागदांनी बाजू सावरली. प्रत्येक संमतीपत्रावर आणि प्रत्येक डिस्चार्ज कार्डवर ‘नातेवाईक’ म्हणून ताईंची सही होती. मुलांसाठी, घरातल्या माणसांसाठी नोकरी सोडलेल्या बायकोच्या त्यागाला वजन द्यायला हवं हे रजनेश निकालात आहे, आणि कमावण्याची क्षमता असणं व प्रत्यक्ष कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने शैलजा विरुद्ध खोब्बण्णा या प्रकरणात सांगितलं आहे. पण त्या निकालांना टेकू मिळाला तो त्या सह्यांचा.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी हुकूम झाला. पत्नीला २० हजार, मुलीला १२ हजार, अर्जाच्या तारखेपासून, आणि दाव्याचा खर्च २५ हजार. खर्च ३५ आणि उत्पन्न ९, म्हणजे तूट २६ हजारांची होती, तरी ३२ का मिळाले? हुकुमातला एक परिच्छेद मला फार मोलाचा वाटतो. पत्नीचा आजचा खर्च कमी आहे तो तिच्याकडे पैसे नाहीत म्हणून. ही काटकसर तिचं राहणीमान म्हणून धरता येणार नाही, सासरच्या घरातलं राहणीमान धरावं लागेल, असा त्याचा आशय होता.

वसुली

अकरा महिन्यांची थकबाकी ३,५२,००० झाली. नवऱ्याने ती तीन हप्त्यांत भरली, चालू पोटगी मेपर्यंत दिली आणि थांबवली. जुलैत दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल केली आणि पगार जप्तीचा अर्ज दिला. कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला पत्र जाणार म्हटल्यावर सप्टेंबरात सगळी रक्कम जमा झाली. मधल्या तीन महिन्यांत ताईंनी मुलीची सहलीची फी भरली नाही. मुलीला सांगितलं, तुला बस लागते, नको जाऊस.

कायमस्वरूपी पोटगी : निर्णयाचा दुसरा क्षण

अंतिम सुनावणीची तयारी करताना मी नवऱ्याचे बँक उतारे पुन्हा वाचत होते. २०१९ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला सहा लाख गेलेले दिसले. पहिल्या वाचनात मी ती नोंद घरदुरुस्ती समजून सोडली होती. आता नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर नवऱ्याच्या नावाने शोध घेतला आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, हाती आला : शहराबाहेर दीड गुंठ्याचा बिगरशेती प्लॉट, एकट्याच्या नावावर. शपथपत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

खोट्या शपथपत्राबद्दल कारवाईचा अर्ज करता आला असता. ताईंनी एक रात्र मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “तो माझ्या लेकीचा बाप आहे. तिला शाळेत कुणी विचारायला नको.” आम्ही इंडेक्स टूची प्रमाणित नक्कल दाखल करून खुलासा मागितला, बाकी काही नाही. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी दुरुस्त शपथपत्र दिलं आणि मध्यस्थीची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन, आली.

मध्यस्थीत पहिला प्रस्ताव आला तो सगळं मिळून १२ लाख एकरकमी. ‘सगळं मिळून’ म्हणजे पत्नीची पोटगी, मुलीचा खर्च आणि मोडलेलं सोनंही. इथे आम्ही पहिलं काम केलं ते या तीन गोष्टी सुट्या करण्याचं. सोनं हे स्त्रीधन, तो ताईंचा माल आहे, पोटगी नव्हे. मुलीचा खर्च हा मुलीचा हक्क, तो आईने सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. राहिली पत्नीची पोटगी.

मग दरमहा की एकरकमी? दरमहा २० हजार म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार, आणि १२ लाखांत फक्त पाच वर्षं. ताईंचं वय तेव्हा ४२. दरमहाच्या बाजूने एक मुद्दा होता : परिस्थिती बदलली तर कलम २५ खाली रक्कम वाढवून मागता येते. पण त्याच दाराने कमीही होऊ शकते. नवऱ्याची नोकरी गेली किंवा ताईंनी पुन्हा लग्न केलं तर ती बंदही होऊ शकते. दरमहा मिळणारी पोटगी पत्नीचं उत्पन्न म्हणून करपात्र ठरते, एकरकमी भांडवली स्वरूपाची म्हणून ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये प्रतापगढच्या प्रिन्सेस महेश्वरी देवी यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. आणि सर्वांत मोठं, दर महिन्याच्या सात तारखेला फोनकडे बघत बसणं ताईंना आता सोसवत नव्हतं.

२८ लाखांवर बोलणं थांबलं. अंतरिम दराने ती जवळपास पावणेबारा वर्षांची रक्कम होते. सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला १६ हजारांच्या आसपास येतात आणि मुद्दल शाबूत राहतं. भाऊ ४० वर अडून होते. फ्लॅटवर १९ लाख कर्ज बाकी, प्लॉट लगेच विकला न जाणारा, असा सगळा विचार करता निकालापर्यंत लढून यापेक्षा फार जास्त हाती येईल असं मला वाटलं नाही, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. निर्णय ताईंनी घेतला.

निष्पत्ती

जून २०२४ मध्ये दाव्याचं रूपांतर कलम १३ब खालच्या संमतीच्या अर्जात झालं. विभक्त राहून तीन वर्षं उलटली होती, म्हणून अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालाच्या आधारे संमतीच्या घटस्फोटात थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत माफ झाली. ऑगस्टमध्ये हुकूमनामा मिळाला. अटी अशा : २८ लाखांपैकी १० संमतीच्या अर्जाच्या पहिल्या सुनावणीच्या वेळी, १० दुसऱ्या सुनावणीच्या वेळी, ८ हुकूमनाम्यानंतर तीन महिन्यांत. साडेसात तोळे सोन्याचे पैसे त्या दिवशीच्या भावाने वेगळे. मुलीला दरमहा १५ हजार, दर जूनला ७ टक्के वाढ, शिक्षणाचा खर्च निम्मा-निम्मा.

शेवटचे ८ लाख नोव्हेंबरात यायचे होते. आले एप्रिल २०२५ मध्ये, प्लॉट विकला गेल्यावर आणि दुसऱ्यांदा दरखास्त घातल्यावर.

वेगळं काय करता आलं असतं

हा उशीर टाळता आला असता आणि ती चूक माझी. हुकूमनाम्यानंतरचा हप्ता मी मान्य करायला नको होता. मान्य केलाच, तर तो फेडेपर्यंत फ्लॅटवर किंवा प्लॉटवर बोजा मागायला हवा होता. कलम २५ मध्ये स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवायची तरतूद सरळ लिहिलेली आहे. त्या दिवशी सगळेच थकले होते, ताई तर सही करून कधी एकदा बाहेर पडते असं झालेल्या. अशा वेळी वकिलाने थकायचं नसतं. मी थकले.

दुसरी गोष्ट घराची. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा मार्ग आम्ही नाकारला तो फौजदारीचा डाग नको म्हणून. पण त्याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राहत्या घराचा हक्क किंवा पर्यायी घराचं भाडं कौटुंबिक न्यायालयात चालू असलेल्या दाव्यातही मागता येतं. वेगळा अर्ज नाही, वेगळी तारीख नाही. आमच्या अर्जात दोन परिच्छेद वाढले असते तर भाड्याचे ९,५०० कदाचित वेगळे मिळाले असते. मी तेव्हा मार्ग निवडताना तिन्ही वाटा पूर्ण सुट्या धरल्या, तिथे चुकले.

बँक उतारे पहिल्या महिन्यातच ओळ न् ओळ वाचायला हवे होते, आणि ई-सर्च तर समन्स आल्याच्या आठवड्यात. प्लॉट २०२२ मध्येच समोर आला असता तर अंतरिम रक्कमही वेगळी असती असं मला वाटतं. नवऱ्याच्या बाजूनेही हेच म्हणता येईल. त्यांनी प्लॉट पहिल्याच शपथपत्रात दाखवला असता, तर त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर इतका अविश्वास उभा राहिला नसता आणि कदाचित २८ च्या आतही मिटलं असतं.

एकरकमी घेण्याच्या निर्णयाबद्दल मी अजूनही उलटसुलट विचार करते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखी साधुखान प्रकरणात दरमहा ५० हजार आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिला. वाढीची अट अशी हुकुमातच बसवून मिळत असेल तर दरमहाच्या पोटगीची एक मोठी उणीव भरून निघते. स्थिर सरकारी नोकरीतला नवरा समोर असता तर आज मी पक्षकाराला हा पर्याय जास्त जोर देऊन सांगितला असता. खासगी कारखान्यातली नोकरी आणि एकदा थकवलेली पोटगी, हे दोन्ही पाहता ताईंसाठी एकरकमीच बरी होती असं आजही वाटतं.

ताई आता एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात १६ हजारांवर काम करतात, संध्याकाळच्या शिकवण्याही चालू आहेत. २० लाख मुदतठेवीत आहेत, त्यातून कर्ज न काढता लहान घर बसतं का ते बघणं चाललं आहे. मुलगी नववीत गेली. जूनपासून तिचे १६,०५० येतात, बहुतेक वेळेवर. दहावीच्या क्लासची फी मात्र अडली आहे. अटीत आम्ही ‘शाळा व महाविद्यालयाची फी’ असं लिहिलं, ‘क्लास’ हा शब्द राहून गेला. निम्मी फी मागणारं पत्र गेल्या आठवड्यात पाठवलं आहे, उत्तर यायचं आहे.